मध्ययुगीन इंग्लंड कानाने ऐकायचं असेल तर पहिल्या भागापासून सुरुवात करू नका

इंग्लंडच्या इतिहासाचे पॉडकास्ट ऐकायला घेणाऱ्यांपैकी बरेच जण एकाच ठिकाणी गळतात. कुणीतरी नाव सुचवतं, आपण ॲपमध्ये शोधतो, यादी उलटी करून भाग पहिला लावतो आणि रोमन निघून गेल्यानंतरच्या धुक्यात शिरतो. बाराव्या-पंधराव्या भागापर्यंत एथेलवुल्फ, एथेलबाल्ड, एथेलबर्ट आणि एथेलरेड अशी चार नावं कानात एकमेकांवर आपटतात. मग दोन दिवस सुट्टी, मग आठवडा, मग कायमची सुट्टी.

दुसरी चूक याच्या उलट: आज विषकन्या, उद्या धर्मयुद्ध, परवा प्लेग. दोनशे तास ऐकून झाल्यावरही मॅग्ना कार्टा ही सनद आधी की प्लेग आधी, हे विचारलं की मान खाजवायची.

ऐकण्याचा क्रम चुकला की ही दोन्ही दुखणी होतात. पुस्तकात मागचं पान उलटता येतं, कानातून गेलेलं नाव परत येत नाही. म्हणून कानाने इतिहास शिकताना तयारी वेगळी लागते.

## टप्पा १: ऐकण्याआधीची एक संध्याकाळ

या संध्याकाळी पॉडकास्ट लावायचा नाही.

नकाशा. इंग्लंडचा एक कोरा नकाशा छापून घ्या किंवा वहीच्या दोन पानांवर ओबडधोबड काढा. सुरुवातीला फक्त दहा ठिकाणं भरा: लंडन, विंचेस्टर, कँटरबरी, यॉर्क, लिंकन, ऑक्सफर्ड, ब्रिस्टल, ग्लॉस्टर, हेस्टिंग्ज आणि समुद्रापलीकडे नॉर्मंडीतलं रुआं. रुआं विसरू नका. १०६६नंतरची, म्हणजे नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतरची, जवळजवळ दीडशे वर्षं इंग्लंडच्या राजाचा एक पाय खाडीपलीकडे होता. नकाशात फ्रान्सचा किनारा नसेल तर राजा सारखा 'गेला' आणि 'आला' म्हणजे कुठे, हे कळत नाही.

राजांची पट्टी. वहीच्या मागच्या पानावर १०६६ ते १४८५ राजांची नावं आणि राज्यारोहणाची सालं एकाखाली एक लिहा. नावं जेमतेम वीसेक होतात. पाठ करायची नाहीत, ऐकताना बोट ठेवायला हवीत.

ॲप. स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट्स, पॉकेट कास्ट्स, अँड्रॉइडवर अँटेनापॉड, यांतलं कोणतंही चालेल. पण तीन सेटिंग आधीच पाहा. भागांचा क्रम 'जुने आधी' करा, कारण बहुतेक ॲप नवे भाग वर दाखवतात. डाउनलोड वायफायवरच होईल असं ठेवा. तासाभराचा भाग साधारण ३० ते ६० एमबीचा असतो. आणि मागे जाण्याचं बटण १५ सेकंदांवर ठेवा, कारण ते तुम्ही प्लेच्या बटणापेक्षा जास्त वेळा दाबणार आहात.

> सावधान: वेग १च्या वर नेऊ नका. पहिले पंधरा दिवस ०.९वर ऐकलं तरी लाज नाही. बोलणारा ब्रिटिश, नावं जुनी इंग्रजी, पदव्या फ्रेंच. दीडपट वेगाने भाग संपतात, डोक्यात काही उरत नाही.

## टप्पा २: एक कणा, एक जोड, बाकी बंद

एका वेळी दोनच पॉडकास्ट. एक कणा, म्हणजे सालावारी पुढे जाणारा. एक जोड, म्हणजे एखाद्या विषयावर थांबून चर्चा करणारा. तिसरा सापडला तरी यादीत टाकून ठेवा, लावू नका.

कण्यासाठी माझी शिफारस डेव्हिड क्राउदर यांच्या 'द हिस्टरी ऑफ इंग्लंड'ची. एकच माणूस, घरच्यासारखा आवाज, मध्येच कोरडे विनोद. हा अँग्लो-सॅक्सन, म्हणजे १०६६च्या आधीच्या, काळापासून सुरू होतो, पण तुम्ही तिथून सुरू करायचं नाही. ते पुढच्या टप्प्यात.

जेमी जेफर्स यांचा 'द ब्रिटिश हिस्टरी पॉडकास्ट'ही सालावारी जातो, पण बैलगाडीच्या चालीने. शेकडो भाग झाले तरी गाडी अजून ट्यूडर राजघराण्यापर्यंत, म्हणजे १४८५पर्यंत, पोचलेली नाही. बारकावे मात्र दुसरीकडे मिळणार नाहीत असे. दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा.

राजांच्या पट्टीची उजळणी करायला 'रेक्स फॅक्टर' बरा. दोन मित्र आल्फ्रेडपासून एकेक राजा घेतात आणि त्याला गुण देतात. परीक्षेच्या गुणांवर पोसलेल्या आपल्यासारख्यांना तो लगेच आवडतो. पण तो चटणीसारखा घ्यावा, जेवणासारखा नको.

जोड म्हणून बीबीसीचा 'इन अवर टाइम'. १९९८पासून चालू आहे, हजाराच्या वर भाग आहेत, आणि प्रत्येक भागात त्या विषयातले तीन अभ्यासक पाऊण तास बोलतात. डोम्सडे बुक (विल्यमने करवून घेतलेली गावागावांची नोंदवही), मॅग्ना कार्टा, आर्चबिशप थॉमस बेकेट, काळा मृत्यू म्हणजे प्लेग, शेतकऱ्यांचं बंड, सगळं तिथे आहे. हा कार्यक्रम थेट विषयात उडी मारतो. म्हणून कणा ऐकून झाल्यावरच लावायचा. 'गॉन मिडीव्हल' मुलाखतींचा आहे, इंग्लंडबाहेरचं मध्ययुगही येतं. सुटीच्या दिवशी ठीक.

ज्यांना भाषेत रस आहे त्यांच्यासाठी केव्हिन स्ट्राउड यांचा 'द हिस्टरी ऑफ इंग्लिश पॉडकास्ट'. सुरुवातीचे भाग इंडो-युरोपीय मूळ भाषेवर आहेत, आणि तिथे मराठी माणसाला घरच्या मैदानावर खेळल्यासारखं वाटतं. 'दुहिता' आणि 'डॉटर' एकाच मुळातले, हे आपल्याला ऐकताक्षणी पटतं.

> तपासा: बोलणाऱ्याचं नाव सांगितलंय का? तो कोणत्या साधनांवरून बोलतोय, हे कुठेतरी येतं का? यूट्यूबवर सध्या मशीनच्या आवाजातले, निनावी, 'झोपताना ऐका' छापाचे तासन्‌तास चालणारे मध्ययुगाचे व्हिडिओ खूप आलेत. आवाज गोड, चित्रं गूढ, माहितीला आगापिछा नाही. झोपायला वापरा, शिकायला नको.

## टप्पा ३: पहिला तुकडा फक्त १०६६चा

पहिला भाग सोडून थेट १०६६वर जा. कारणं सरळ आहेत. सगळी गोष्ट एका वर्षात घडते, ठिकाणं मोजकी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पॉडकास्टमध्ये तिच्यावर भाग असल्याने तुलना करता येते.

आधी वहीत एवढाच सांगाडा लिहा:

५ जानेवारी: इंग्लंडचा राजा एडवर्ड द कन्फेसर मरतो, हॅरल्ड गॉडविन्सन राजा होतो.
२० सप्टेंबर: यॉर्कजवळ फुलफर्डला नॉर्वेचा राजा जिंकतो.
२५ सप्टेंबर: स्टॅमफर्ड ब्रिजला हॅरल्ड त्या नॉर्वेच्या राजाला मारतो.
२८ सप्टेंबर: नॉर्मंडीचा विल्यम दक्षिणेला पेव्हन्सीला उतरतो.
१४ ऑक्टोबर: हेस्टिंग्ज. हॅरल्ड मरतो.
२५ डिसेंबर: विल्यमचा राज्याभिषेक.

आता हे नकाशावर ठेवा. लंडन ते यॉर्क जवळजवळ ३०० किलोमीटर. पुण्याहून निघून सोलापूर ओलांडून पुढे जाण्याइतकं. हॅरल्ड सैन्य घेऊन वर गेला, लढला, आणि तीन आठवड्यांच्या आत पुन्हा खाली येऊन लढला. बोट नकाशावरून एकदा वर-खाली फिरवा. मग भाग लावा. निवेदक 'दमलेलं सैन्य' म्हणेल तेव्हा तो शब्द तुमच्या बोटाला कळलेला असेल.

या एका वर्षासाठी कण्याचे तीन-चार भाग आणि जोडीचा एखादा, एवढंच. दोन-तीन आठवडे द्या. १०६६ नीट बसलं की पुढे १०८७पर्यंत, म्हणजे विल्यमच्या मृत्यूपर्यंत. अँग्लो-सॅक्सनांकडे मागे जायचं ते त्यानंतर. कशाचा शेवट झाला हे कळल्यावर ते मुळात काय होतं याची उत्सुकता आपोआप वाढते.

## टप्पा ४: एक भाग, दोनदा

पहिल्यांदा प्रवासात ऐका, काही न लिहिता. मी डोंबिवलीहून फास्ट लोकलने जायचो तेव्हा एका बाजूला एक भाग बसायचा. पारसिकच्या बोगद्यात नेटवर्क जायचं, म्हणून डाउनलोड आदल्या रात्रीच. गर्दीत निम्मं हरवतं, हरवू द्या. पहिल्या ऐकण्यात फक्त गोष्टीचा ओघ धरायचा असतो.

दुसऱ्यांदा घरी, टेबलाशी, नकाशा समोर. पूर्ण भाग नको. जिथे गोंधळ उडाला ती वीस मिनिटं. ॲपल पॉडकास्ट्समध्ये इंग्रजी भागांची लिखित प्रत दिसते. ती दुसऱ्या वेळेलाच उघडा. पहिल्यांदाच उघडलीत तर कान आळशी होतो.

मग वहीत पाच ओळी, जास्त नाही: कोण, कुठे, केव्हा, हे कुणी लिहून ठेवलंय, आणि मला काय कळलं नाही. पाचवी ओळ रिकामी राहिली तर समजा की लक्ष नव्हतं.

शेवटी ती गोष्ट कुणालातरी मराठीत सांगा, तीन मिनिटांत. इथे सोंग टिकत नाही. स्टीफन आणि मटिल्डाचं गादीसाठीचं युद्ध मी मोठ्या ऐटीत आईला सांगायला बसलो होतो. ती मेथी निवडत होती. दोन मिनिटांनी तिने मान वर केली आणि विचारलं, "अरे, पण मटिल्डा त्याची बायको ना? मग भांडतेय कुणाशी?" मी गप्प. आठ भाग ऐकून झाले होते.

## टप्पा ५: नावं — इथेच बहुतेक जण बुडतात

हा टप्पा सगळ्यात मोठा आहे, कारण निम्म्याहून जास्त चुका इथल्या.

कानाला सारखी वाटणारी नावं. १०६६मध्ये इंग्लंडचा राजा हॅरल्ड आणि नॉर्वेचा राजा हाराल्ड. छापील पानावर एका अक्षराचा फरक दिसतो, कानाला दिसत नाही. वहीत त्यांना 'हॅरल्ड-गॉडविन' आणि 'हाराल्ड-नॉर्वे' असंच लिहा, कायम जोडनावासकट. एडवर्ड, एडगर, एडविन, ईडिथ यांचंही तसंच. 'एड' म्हणजे संपत्ती, समृद्धी. 'एथेल' म्हणजे कुलीन. आपल्याकडच्या 'राज'सारखे हे नावाच्या पुढचे तुकडे आहेत. म्हणून लक्ष शेपटावर द्या. एथेलस्टनमधलं 'स्टन' म्हणजे दगड. एथेलरेडमधलं 'रेड' म्हणजे सल्ला. 'एथेलरेड द अनरेडी' हे नाव ऐकून तो 'तयार नसलेला' राजा असं वाटतं, पण जुन्या इंग्रजीत 'अनरेड' म्हणजे वाईट सल्ला. थोर सल्ल्याच्या नावाचा राजा आणि सल्ला मात्र खोटा, असा तो टोमणा आहे. हे एकदा कळलं की नाव विसरत नाही.

ऐकू येतं एक, लिहितात दुसरं. 'वुस्टर' ऐकून नकाशात शोधाल तर सापडणार नाही. अक्षरं 'वोर्सेस्टर' वाचावीत अशी आहेत. ग्लॉस्टर आणि लेस्टर यांचंही तेच. वॉरिकमध्ये दुसरा 'डब्ल्यू' गप्प असतो. नॉरिज, सॉल्झबरी, डार्बी. वहीत दोन रकाने करा: डावीकडे जसं ऐकू आलं तसं देवनागरीत, उजवीकडे खरं स्पेलिंग. देवनागरीत लिहिण्यात कमीपणा मानू नका. आपली लिपी ऐकलेलं उतरवायला इंग्रजीपेक्षा कितीतरी सोयीची आहे, आणि हे काम कानाचंच आहे.

पदवी बदलली की माणूस बदलल्यासारखा वाटतो. हेन्री बोलिंगब्रोक, अर्ल ऑफ डार्बी, ड्यूक ऑफ हेरफर्ड, ड्यूक ऑफ लँकेस्टर आणि चौथा हेन्री ही पाच माणसं नाहीत, एकच माणूस आहे. उलट 'ड्यूक ऑफ ग्लॉस्टर' हे वेगवेगळ्या काळात वेगवेगळे लोक. त्यांतला एक पुढे तिसरा रिचर्ड झाला. मराठेशाहीतला प्रतिनिधी किंवा सचिव म्हटल्यावर आपण 'कोणत्या काळातला?' विचारतो, तेच इथे विचारायचं.

नाती मराठीत लिहा. माझ्या मते मराठी ऐकणाऱ्याच्या हातातलं हे सगळ्यात मोठं हत्यार आहे, आणि ते कुणीच वापरत नाही. पॉडकास्टमध्ये येतं 'कझिन' आणि 'अंकल'. या दोन शब्दांत अर्धं राजकारण लपून जातं. आपल्याकडे त्यासाठी नेमके शब्द आहेत, ते वापरा.

आईने पकडलं होतं ते प्रकरण घ्या. पहिल्या हेन्रीचा मुलगा २५ नोव्हेंबर ११२० रोजी व्हाइट शिप नावाच्या जहाजाबरोबर बुडाला. उरली मुलगी, सम्राज्ञी मटिल्डा. ११३५मध्ये हेन्री मेला आणि गादी स्टीफनने बळकावली. पॉडकास्ट म्हणतो स्टीफन तिचा 'कझिन'. कसला? स्टीफनची आई अडेला ही हेन्रीची बहीण, म्हणजे मटिल्डाची आत्या. स्टीफन तिचा आतेभाऊ. आता स्टीफनच्या बायकोचं नावही मटिल्डा, हा गोंधळाचा मुद्दा. पण तिची आई मेरी आणि सम्राज्ञी मटिल्डाची आई या सख्ख्या बहिणी. म्हणजे युद्धात समोरासमोर असलेल्या दोन मटिल्डा मावसबहिणी. आणि त्या दोन्ही आयांचा भाऊ स्कॉटलंडचा राजा डेव्हिड, दोघींचा सख्खा मामा. मामा एका भाचीच्या बाजूने फौज घेऊन उतरतो तेव्हा दुसऱ्या भाचीच्या नवऱ्याविरुद्ध उतरतो. 'अंकल डेव्हिड'मध्ये हे दिसतच नाही.

हे चार ओळींत वहीत काढलं आणि दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा सांगितलं. "म्हणजे भाऊबंदकीच," ती म्हणाली.

१०६६चंही असंच करून पाहा. हॅरल्डची बहीण ईडिथ ही एडवर्डची राणी, म्हणजे हॅरल्ड राजाचा मेहुणा. रक्ताचं नातं नाही. विल्यमचा आजा हा एडवर्डच्या आईचा भाऊ, म्हणजे विल्यम एडवर्डच्या मामेभावाचा मुलगा. रक्त आहे, पण आईकडून आणि लांबचं. हे लिहिल्यावर 'गादीवर हक्क कुणाचा?' या प्रश्नात किती पाणी आहे ते आपोआप कळतं.

> तपासा: पुढच्या भागाकडे जाण्याआधी, वहीतल्या कोणत्याही दोन माणसांचं नातं न बघता मराठीत एका शब्दात सांगता येतंय का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: सन, पैसा आणि फसवे शब्द

'मध्ययुग' हा पहिला फसवा शब्द. आपल्या शाळेच्या पुस्तकात मध्ययुगीन म्हटलं की शिवकालही त्यात येतो. इंग्लंडचं मध्ययुग रूढ हिशोबाने १४८५ला, बॉसवर्थच्या लढाईबरोबर संपतं. शिवराज्याभिषेक झाला त्या १६७४मध्ये लंडनात रॉयल सोसायटी स्थापन होऊन चौदा वर्षं झाली होती. डोक्यातली दोन मध्ययुगं एकावर एक ठेवू नका.

दुसरा 'सरंजामशाही'. 'फ्यूडल' ऐकलं की आपण हाच शब्द लावतो. पण मराठेशाहीतला सरंजाम हा फौज ठेवण्यासाठी नेमून दिलेला महसूल, आणि तत्त्वतः तो काढून घेता यायचा. वंशपरंपरेने चालायचं ते वतन. नॉर्मन इंग्लंडमध्ये सगळी जमीन शेवटी राजाची, सरदार ती त्याच्याकडून सेवेच्या बदल्यात धरणार, आणि मुलाने वारसा घेताना राजाला रक्कम मोजायची. म्हणजे थोडं सरंजामासारखं, थोडं वतनासारखं, आणि पूर्णपणे दोन्हीही नाही. वहीत 'फ्यूडल' असंच ठेवा, शेजारी त्या काळातली व्यवस्था दोन ओळींत लिहा.

तिसरा, 'इंग्लंड' आणि 'ब्रिटन'. स्कॉटलंड या सगळ्या काळात वेगळं राज्य आहे. बॅनकबर्नला १३१४मध्ये दुसऱ्या एडवर्डला हरवलं ते स्कॉटांनी. 'ब्रिटिशांचा पराभव' लिहिलंत तर अर्थाचा अनर्थ.

पैसा: १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेनी, म्हणजे पौंडाला २४० पेनी. रुपया-आणे-पै ज्यांनी आजोबांकडून ऐकलेत त्यांना हे जड नाही. त्यात 'मार्क' येतो, तो १३ शिलिंग ४ पेनी, म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. पहिल्या रिचर्डची खंडणी दीड लाख मार्क ठरली होती, म्हणजे १ लाख पौंड. मार्क आणि पौंड एकच धरले तर खंडणी दीडपट फुगते. आणि या रकमा आजच्या रुपयांत करत बसू नका. त्या काळची दुसरी रक्कम शेजारी ठेवा, मजुराची रोजची मजुरी किंवा धान्याचा भाव.

सन: इंग्लंडमध्ये बाराव्या शतकापासून १७५२पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं. जुन्या कागदातलं फेब्रुवारीचं साल म्हणूनच आपल्या हिशोबाने एक वर्ष मागे दिसतं. शिवजयंती तिथीने की तारखेने, हा वाद बघत मोठे झालेल्यांना यात नवल वाटू नये. दोन पॉडकास्टमध्ये जानेवारी-मार्चच्या घटनेचं साल एकाने चुकत असेल तर आधी हे तपासा, मग निवेदकाला दोष द्या.

## टप्पा ७: 'हे कुणी लिहिलंय?'

इथपर्यंत आलात की जोडीचा पॉडकास्ट उघडा आणि वहीतली चौथी ओळ कामाला लावा.

उदाहरण पुन्हा १०६६चंच. हॅरल्डने विल्यमला पाठिंबा देण्याची शपथ घेतली होती, मग मोडली, असं बहुतेक भागांत येतं. ही शपथ सांगतात नॉर्मन लेखक, विल्यम जिंकल्यानंतर. इंग्रजांच्या अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये तिचा उल्लेख नाही. याचा अर्थ शपथ झालीच नाही असा नव्हे. पण वहीत 'हॅरल्डने शपथ मोडली' असं न लिहिता 'नॉर्मनांच्या म्हणण्याप्रमाणे' असं लिहायचं.

डोळ्यातल्या बाणाचंही तसंच. बायो टॅपेस्ट्री ही जवळजवळ ७० मीटर लांबीची, लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने केलेली भरतकामाची पट्टी आहे. तिच्यावर हॅरल्डच्या नावाखाली एक माणूस डोळ्याजवळ बाण धरून उभा आहे आणि शेजारी दुसरा तलवारीने कोसळतोय. यांतला हॅरल्ड कोणता, की दोन्ही तोच, यावर अभ्यासकांत एकमत नाही. शिवाय पट्टीची एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली आहे. चित्र इंटरनेटवर पाहा, मग भाग ऐका. तीन अभ्यासक एकमेकांना कुठे अडवतात ते टिपा. ती जागा बहुधा कच्च्या पुराव्याची असते.

> सावधान: निवेदक गोष्ट फार रंगवून सांगू लागला, राजाच्या मनात काय चाललंय तेही सांगू लागला, की पाचव्या ओळीत प्रश्नचिन्ह काढा.

## टप्पा ८: एक मूळ कागद स्वतः उघडा

नुसतं ऐकणं इथे थांबतं. डोम्सडे बुकची नोंद फुकटात पाहता येते. ओपन डोम्सडे नावाचं संकेतस्थळ आहे, गावाचं नाव टाकलं की नकाशा आणि नोंद समोर येते. १०८५च्या नाताळात ग्लॉस्टरला विल्यमने पाहणीचा हुकूम दिला आणि १०८६मध्ये १३ हजारांहून जास्त गावं नोंदली गेली. लंडन आणि विंचेस्टर मात्र त्यात नाहीत. तेवढं शोधून 'साइट बिघडलीय' असं म्हणू नका.

यॉर्कशायरमधलं एखादं लहान गाव काढा. एडवर्डच्या काळी जमीन कुणाकडे, आता कुणाकडे, नांगर किती, गिरणी आहे का, तेव्हाचं मूल्य, आताचं मूल्य. सातबारा वाचता येणाऱ्याला हा ढाचा परका वाटत नाही. जुन्या धारकाचं नाव इंग्रजी, नव्याचं फ्रेंच, हे दोन रकान्यांत दिसतं. आणि पुष्कळ गावांपुढे एकच लॅटिन शब्द: 'वास्ता', ओसाड. १०६९-७०च्या हिवाळ्यात विल्यमने उत्तर इंग्लंड उजाड केलं, असं पॉडकास्टवर तीन वेळा ऐकून जे पोचत नाही, ते त्या शब्दांच्या रांगेने पोचतं. अर्थात प्रत्येक 'वास्ता'मागे विल्यमच्याच फौजा, की कधी नोंदणाऱ्याला आकडाच मिळाला नाही, हाही वाद आहे; त्यासाठी टप्पा ७.

लोकसंख्या मोजताना घाई नको. नोंदीत घरटी कर्ता माणूस मोजलेला असतो, बायका-मुलं नाहीत.

## टप्पा ९: पुढचे तुकडे आणि आपल्या खुंट्या

१०८७नंतर पुढचे तुकडे असे घ्या: ११२० ते ११५४ गादीचं भांडण, ११७० बेकेटचा खून, १२१५ ते १२६५, मॅग्ना कार्टा ते बंडखोर सरदार सायमन द मॉन्टफर्ट, १३४८ ते १३८१, प्लेग ते शेतकऱ्यांचं बंड, १४५५ ते १४८५ गुलाबांची युद्धं, म्हणजे यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांचं गादीचं भांडण. प्रत्येक तुकड्याला महिना. मधल्या जागा कण्याचा पॉडकास्ट एकदाच, न लिहिता ऐकून भरा.

प्लेग ते बंड हा तुकडा तोडू नका. १३४८मध्ये साथ दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरली, मजूर कमी झाले, मजुरी वाढली, १३५१मध्ये ती कायद्याने दाबली, आणि १३८१मध्ये लोक लंडनवर चालून गेले. साथीचा भाग एका महिन्यात आणि बंडाचा चार महिन्यांनी ऐकला तर मधला कायदा गळतो, आणि मग बंड अचानक उपटल्यासारखं वाटतं.

साल लक्षात राहत नसेल तर त्याला घरची खुंटी लावा. १२१५ला देवगिरीवर यादव सिंघण. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९०. त्याच वर्षी पहिल्या एडवर्डने इंग्लंडमधून ज्यूंना हद्दपार केलं. बहमनी राज्य १३४७, इंग्लंडमध्ये प्लेग १३४८. बॉसवर्थ १४८५, अहमदनगरची निजामशाही १४९०. खुंटी सदरा अडकवायला असते, दोन घटनांचं नातं जोडायला नाही. एकाच वर्षी घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं, असं काही लिहू नका.

गुलाबांच्या युद्धांकडे मात्र टप्पा ५ची नात्यांची वही पूर्ण झाल्याशिवाय फिरकू नका. तिथे एडवर्ड, रिचर्ड आणि हेन्री प्रत्येकी तीन-तीन आहेत, सगळे एकमेकांचे चुलत-मावस, आणि वॉरिकचा अर्ल मध्येच बाजू बदलतो.

मी ती वही न करता गेलो होतो. सध्या टाउटनच्या लढाईपाशी थांबलोय, १४६१. चौथ्या एडवर्डच्या आईचं माहेर तेवढं लिहायचं राहिलंय.